उडालेलं झाकण

“ताई, मी सांगतो त्यावर तुझा विश्वास बसणार नाही. कुणाचाच बसणार नाही. मी स्वतः तिथे उभा होतो, तरी माझाही अजून बसलेला नाही,” असं म्हणून ताईंच्या पाववाल्या भावाने खुर्ची ओढली आणि तो ऐसपैस बसला.

ताई मात्र उभ्याच होत्या. दिवसभर कापडबाजार पालथा घालून त्या इस्त्रीवाली आणि काजेवाली अशा आपल्या दोन मैत्रिणींना जेवायला घेऊन आल्या होत्या. टेबलावर पाच ताटल्या, पाच चमचे, मधोमध मोठं पातेलं. आणि पातेलं रिकामं. नुसतं रिकामं नव्हे, तर आत वाकून केस विंचरावेत इतकं लख्ख.

पातेल्यापलीकडे ताईंचे यजमान हाताची घडी घालून उभे होते. साबणाच्या कारखान्यात बॉयलर सांभाळून रिटायर झालेले, बोलणं कमी, मिशा भरपूर. त्यांच्या चेहऱ्यावर या क्षणी काहीच नव्हतं, आणि ते काहीच नसणं फार मेहनतीने आणलेलं दिसत होतं.

कारण प्रश्न मागच्या खोलीचा होता. त्या खोलीत बॉयलरवाल्यांचे पाने, पकडी, व्हॉल्व्ह आणि ‘कधीतरी लागेल’ अशा असंख्य वस्तू होत्या. ताईंना तिथे कापड बेतायला मोठं टेबल हवं होतं. भांडता भांडता यजमान बोलून गेले होते, “स्वयंपाकात काय असतं एवढं? आच आणि वाफ! तेच तर केलं जन्मभर.” ताईंनी तो शब्द हवेतच झेलला. “ठीक आहे. रविवारी पाच माणसांना पोटभर जेवायला घाला. घातलंत तर खोली तुमची. नाहीतर सोमवारी तुमचं भंगार बाहेर आणि माझं टेबल आत.”

बॉयलरवाल्यांनी बेत ठरवला चिलीचा. खिमा, राजमा, टोमॅटो, लाल मिरच्या आणि वरून काळी बिअर ओतून तासन्‌तास शिजवलेलं ते दाट, झणझणीत कालवण. मदतीला मेव्हण्याला बोलावलं, कारण पाव त्याच्याच भट्टीतले.

“सांग,” ताई म्हणाल्या. “पातेलं रिकामं का?”

“तेच सांगतोय. दुपारपर्यंत सगळं दृष्ट लागण्यासारखं चाललं होतं. भाऊजींनी खिमा असा परतला की पलीकडच्या इमारतीतले लोक खिडक्या उघडून नाकं बाहेर काढायला लागले. मग बिअर ओतली. काय फेस आला म्हणतेस! मला वाटलं, थोडं पातळ झालं, तर मक्याचं पीठ लावू. भट्टीवरून येताना एक डबा आणला होता. घातलं वाडगाभर. आणि तिथेच घात झाला.”

“का?”

“डबा चुकला. ते पीठ नव्हतं, माझं पाव फुगवायचं खमीर होतं. वडिलांच्या काळापासून जपलेलं. त्याला नुसतं गोड बोललं तरी ते फुगतं, आणि इथे तर त्याला बिअर पाजली!”

इस्त्रीवाली मैत्रीण खुदकन हसली. काजेवाली हसली नाही. ती आयुष्यभर काजं करत आलेली बाई, चष्म्यावरून बघायची आणि शेवटी एकच टाका घालायची.

“चिली वर यायला लागली,” पाववाला रंगात आला. “मी म्हटलं, भाऊजी, दाबा. भाऊजींनी झाकण ठेवलं. झाकण वर. भाऊजींनी वरवंटा ठेवला. वरवंटा वर. मग ते मागच्या खोलीत गेले आणि पाइपाला लावायचे शिकंजे घेऊन आले. चारी बाजूंनी झाकण असं आवळलं की मुंगीचा श्वास बाहेर येणार नाही.”

बॉयलरवाल्यांच्या मिशा किंचित हलल्या.

“अगदी मुंगीचासुद्धा?” काजेवालीने विचारलं.

“मुंगीचा म्हणजे काय, वाफेचा कणसुद्धा नाही! पातेलं थरथरायला लागलं. कपाटातल्या बश्या नाचायला लागल्या. मी टेबलाखाली. भाऊजी मात्र ताठ उभे, बुडत्या जहाजावरच्या कप्तानासारखे. आणि मग,” पाववाल्याने दोन्ही हात छताकडे फेकले, “धडाम!”

“छतावर डाग कुठाय?” ताईंनी वर बघितलं.

“छताला लागलं कुठे? तिरकं गेलं ना, खिडकीतून! झाकण पुढे, चिली मागे. झाकण थेट पोस्टाच्या घड्याळावर आपटलं. घड्याळ अर्धा तास पुढे गेलं. म्हणून तर तुम्हाला यायला उशीर झालाय असं वाटतंय. झालेला नाही.”

“आणि चिली?”

“चिलीचा पाऊस पडला ताई, पाऊस! चौकातला वाहतूक पोलीस शिट्टी मारायला गेला तर शिट्टीत राजमा. बसचा ड्रायव्हर नेमका जांभई देत होता, त्याचं जेवणच उरकलं. एक टकला गृहस्थ बाकावर पेंगत होता, त्याच्या डोक्यावरून चार कबुतरं जेवून गेली, त्याला पत्ता नाही.”

आता इस्त्रीवालीने पदर तोंडात कोंबला होता. ताईंचेही ओठ हलत होते, पण डोळे स्वयंपाकघरभर फिरत होते.

“पावाची टोपली रिकामी आहे.”

“बंबवाले आले ना! धडाम ऐकून. सहा जण, शिडीसकट. पण पाणी मारायचं सोडून सगळे गॅलरीच्या कठड्यावरची चिली पुसत बसले. पुसायला काहीतरी नको? मी पाव दिले.”

“आणि बिअरच्या बाटल्या? एकच घालणार होतात ना? इथे तर ओळ लागलीय.”

“त्यांची जीभ पोळली, ताई. बंबवाल्यांना विझवायला कोण येणार? आम्हीच विझवलं.”

यावर ताईंना हसू आवरेना. त्या मटकन खुर्चीत बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. हसता हसता त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. बिचारा सकाळपासून राबला असणार. हातावर पोळल्याची लाल रेघ होती, सदऱ्यावर टोमॅटो होता. एरवी चहाचा कपही न विसळणारा माणूस!

“जाऊ दे,” त्या म्हणाल्या. “खरं किती नि खोटं किती ते देवाला ठाऊक. पण कष्ट घेतलेत, ते दिसतंय. राहू दे तुमची खोली तुम्हाला. मी माझं टेबल पुढच्या खोलीत लावीन.”

पाववाल्याने टेबलाखालून भाऊजींच्या पायाला हळूच पाय लावला. काम फत्ते झालं होतं. बॉयलरवाल्यांनी सुटकेचा श्वास अर्धा सोडलाही होता, तेवढ्यात काजेवालीने चष्मा नाकावर सारला.

“पण मला एक सांगा,” ती शांतपणे म्हणाली. “इतकी वर्षं बॉयलर सांभाळला म्हणता, आणि साधी वाफेला वाट ठेवायची विसरलात?”

बॉयलरवाल्यांचा उरलेला अर्धा श्वास आतच राहिला.

“विसरतो माणूस कधीकधी,” पाववाला घाईघाईने म्हणाला. “वय झालं भाऊजींचं.”

“वय नाही हो,” इस्त्रीवालीने री ओढली. “कारखान्यात हाताखाली माणसं असतात. तीच बघत असतील सगळं.”

“तरीच!” ताई हसत म्हणाल्या. “मला वाटायचं, यांच्या कारखान्यात कधी स्फोट झाला नाही तो यांच्यामुळे. कारखान्याचं नशीबच म्हणायचं!”

बॉयलरवाल्यांचा चेहरा गळ्याकडून लाल व्हायला लागला. लाली बॉयलरच्या दाबमापकातल्या काट्यासारखी चढत चढत हनुवटीवर आली, मिशांपर्यंत आली, कानांवर पोचली. पाववाल्याने ती बघितली. “भाऊजी,” तो कळवळून म्हणाला, “खोली! खोली आठवा!”

पण आता दाब फार झाला होता.

“खोटं!” बॉयलरवाले असे गरजले की कपाटातल्या बश्या या वेळी खरोखरच वाजल्या. “साफ खोटं बोलतोय हा! मी आणि वाफेला वाट ठेवणार नाही? झाकण पहिल्यापासून बोटभर तिरकं होतं! शिकंजा लावलाच नाही! खमीर नाही, बंब नाही, काही नाही! माझ्या हातून आजवर एक झाकण उडालेलं नाही! आम्ही चव बघत होतो. दर थोड्या वेळाने बघावीच लागते, नोंद ठेवल्यासारखी. हा म्हणाला, पावाशिवाय चव कळत नाही. मी म्हटलं, बिअरशिवाय पाव उतरत नाही. आणि पातेलं संपलं! ते झाकण तिकडे, मोरीत, घासून उपडं घातलंय. जा, बघून या!”