पुंडलिकराव थैलीतून निघेनात

हातानं बनवलेली वस्तू कशी असते हे पाहायचं असेल, तर लोकांनी सौंसरला माझ्या घरी यावं, असं मी त्या काळी छातीठोकपणे सांगत असे. बाजारची वस्तू म्हणजे काय? आज घ्या, उद्या उसवते! माझ्या हातची शिवण मात्र दोन बाजूंना दोन बैल जुंपले तरी उसवायची नाही. बैल थकतील आणि गोठ्यात जाऊन बसतील!

मी तहसिलीत बाबू. दिवसभर कागदांवर शिक्के मारून मारून हातांना काहीतरी खरं काम हवंसं वाटायचं. म्हणून आम्ही काही समदुःखी दर रविवारी बोरगावला, आमच्यातल्याच गुणवंताच्या संत्र्याच्या बागेत जमायचो. ट्रकच्या मोडक्या कमानीचे पोलादी पट्टे भट्टीत लाल करायचे, ठोकायचे, कानशीनं घासायचे, पुन्हा तापवून तेलात बुडवून पाणी द्यायचं, शिसवीची मूठ बसवायची, की झाला चाकू! मग एकमेकांचे चाकू हातात घेऊन, एक डोळा मिटून, धारेकडे पाहत "वा!" म्हणायचं. जंगलात मुक्कामाला जायचं म्हणून पाठीवरच्या पिशव्या शिवायच्या, तंबू शिवायचे. जंगलात मात्र आम्ही अजून गेलो नव्हतो. सामानच पूर्ण व्हायचं राहिलं होतं!

त्या हिवाळ्यात मी झोपायची थैली बनवली. बाहेरून ताडपत्रीचं जाड कापड, आत गुणवंताच्या शेतातला पिंजलेला कापूस, आणि पायापासून हनुवटीपर्यंत पितळी चेन, खास नागपूरहून आणलेली. आत शिरायचं, चेन वर ओढायची, आणि बाहेर बर्फ पडो की गारा!

"छान आहे," बायको म्हणाली. "यात गहू किती मावतील?"

छायाला या कलेची कदर नव्हती. माझी बहीण जयश्री तर त्याहून वरचढ. तिची शिवणयंत्राची सुई मी ताडपत्रीवर मोडली होती, तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची.

तर याच जयश्रीला पाहायला पांढुर्ण्याहून पाहुणे यायचे ठरले. पुंडलिकराव म्हणजे तिथले कापडाचे व्यापारी. मोठं घर. मुलगा अरविंद शाळेत मास्तर. असं स्थळ चालून आलेलं, त्यामुळे छायानं सकाळीच कंबर कसली. खुंट्यांवरचे, फळीवरचे, उशीखालचे, होते नव्हते तेवढे सगळे चाकू तिनं गोळा केले, पोत्यात भरले आणि मोरेश्वरला बोलावून त्याच्या लुनावर लादून बोरगावला रवाना केले. मोरेश्वर आमच्याच मंडळातला, पण छायापुढे त्याचं काही चालत नसे.

"अगं, एखादा तरी राहू दे!" मी म्हटलं.

"लोक मुलगी पाहायला येऊन राहिले. घर पाहून त्यांना वाटायला नको, की डाकूंच्या तळावर आलो!"

थैली तेवढी वाचली. परसात बाजेवर उन्हात पसरली होती, ती गोधडी समजून छायानं सोडून दिली.

पाहुणे दुपारच्या बसनं आले. पुंडलिकराव चांगले भरदार, धोतर, कोट, गोल चेहऱ्यावर शांत हसू. त्यांच्या पत्नी अंबाबाई बारीक, ताठ, आणि नजर अशी की शिक्का मारलेला कागदसुद्धा पुन्हा तपासावासा वाटावा! अरविंद खाली मान घालून बसला होता. जयश्रीनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याला पाहून घेतलं आणि छायाच्या कानात "चालेल" म्हटलं. म्हणजे आमच्या बाजूनं निम्मं काम झालं होतं. आता पोहे, मग मुलगी, मग बोलणी, आणि संध्याकाळच्या शेवटच्या बसनं पाहुणे परत. सगळं कसं आखीव!

अंबाबाई आत बायकांत बसल्या. पुंडलिकराव हात धुवायला परसात आले आणि बाजेजवळ थबकले. त्यांनी थैलीच्या शिवणीवरून बोट फिरवलं. मग चेन खालीवर करून पाहिली.

"हे तुमी शिवलं जी?"

"हो," मी म्हटलं. आवाजात जेवढा नम्रपणा आणता येईल तेवढा आणला.

"टीप लय बारीक हाये. दुहेरी घातली?"

तुम्हाला सांगतो, माझ्या अंगावर काटा आला! इतक्या वर्षांत टिपेबद्दल मला कोणी विचारलं नव्हतं!

"तिहेरी!" मी म्हटलं. "बैल जुंपून पाहा!"

"आत कितीक गरम राहते?"

"शिरून पाहा ना!"

हे मी बोलायला नको होतं. पण पुंडलिकरावांनी एकदा घराकडे पाहिलं, कोणी येत नाही ना याची खात्री केली, कोट-धोतरासकट आत शिरले आणि बाजेवर आडवे झाले. मी ऐटीत चेन ओढली. सर्रकन हनुवटीपर्यंत! बाहेर फक्त त्यांचा गोल चेहरा उरला.

"वा!" ते डोळे मिटून म्हणाले. "घरापेक्षा बरं हाये."

थोडा वेळ ते तसेच पडून राहिले. मग म्हणाले, "काढा आता."

मी चेन खाली ओढली. हलेना. जोरानं ओढली. हलेना! वाकून पाहिलं, तर धोतराचा काठ चेनीच्या दातांत असा गुंतलेला, की दात कुठले आणि धोतर कुठलं ते कळेना. पाय बाजेला टेकवून मी सगळा जोर लावला, आणि चेनीची कडी तुटून माझ्या हातात आली!

"आली काय?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"आली," मी म्हटलं. "म्हणजे, कडी आली."

मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून छायाला खूण केली, ती तेलाची वाटी घेऊन धावली. चेनीला तेल लावलं, मग साबण लावला. पुंडलिकराव चकचकीत झाले, पण निघाले नाहीत. शेवटी मी हळूच म्हटलं, "कापावीच लागते." आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ज्या घरात काल पावलापावलावर चाकू होते, त्या घरात आज औषधालासुद्धा एक चाकू नव्हता!

मी कुंपणाच्या भिंतीवर चढलो आणि शेजारी नत्थूजींना हाक मारली, "नत्थूजी! चाकू असला तर द्या लवकर! पाव्हणे निघत नाहीत!"

नत्थूजी अंगणात ऊन खात बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, उठले, आणि हातात काठी घेऊन आमच्या फाटकातून आत आले. मागून त्यांच्या घरचे, त्यांच्या मागून पलीकडच्या घरचे.

"दिलीप," ते म्हणाले, "पाव्हणे निघत नसले तर दोन शब्द गोडीनं सांगावं बाबू. चाकू दाखवते काय कोणी?"

ही गर्दी कसली म्हणून अंबाबाई परसात आल्या. पाहतात तो काय? बाजेवर नवरा आडवा, गळ्यापर्यंत गुंडाळलेला, चेहऱ्याला तेल, डोळे मिटलेले, आणि भोवती अख्खा मोहल्ला मान खाली घालून उभा! त्यांनी जी किंकाळी फोडली, ती मोटार स्टँडपर्यंत गेली असावी!

"जित्ता हाओ मी!" पुंडलिकराव आतून ओरडले. "जित्ता हाओ, अंबे! अटकलो फक्त!"

"अटकले? कशात?"

"गोधडीत."

अंबाबाईंनी पदर सावरला आणि एका क्षणात सगळा कारभार हातात घेतला. अरविंदला आधी स्टँडवर पिटाळलं, "जाय, बस निघाली तर आडवा उभा राय! तुह्या बापाले काढून आनतो आमी." तो बिचारा पोह्यांची बशी ठेवून धावला.

मग सुरू झाली खेचाखेच. नत्थूजींनी पाय धरले, मी खांदे धरले. पुंडलिकराव लांब व्हायचे आणि पुन्हा आखूड व्हायचे. टीप एक उसवेल तर शपथ! आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःच्या शिवणीला शिव्या दिल्या. छायानं जयश्रीची कैची आणली. जाड ताडपत्रीवर कैचीनं एकदा कुरकुर केली आणि मधला खिळा उडून तिचे दोन तुकडे झाले. माझ्या हातात चाकू द्यायला मोहल्ल्यात कोणी धजेना; शेवटी कोणीतरी विळी आणली. पण विळी पडली पाटाची! ती काही माणसाकडे जात नाही, माणसाला तिच्याकडे न्यावं लागतं.

"माह्या नवऱ्याले का विळीवर चिरता?" अंबाबाई कडाडल्या.

एवढ्यात स्टँडकडून बसचा भोंगा ऐकू आला. शेवटची बस! पुंडलिकरावांनी डोळे उघडले, आभाळाकडे पाहिलं आणि लांब श्वास सोडला.

"अंबे, तू जराशी तिकडं तोंड कर."

"काऊन?"

"कर म्हनलं ना!"

अंबाबाईंनी तोंड फिरवलं नाहीच. थैलीच्या आत काहीतरी वळवळलं, आणि पोटाजवळ एक चकाकतं टोक वर आलं. खर्रर्र! माझ्या तिहेरी टिपेसकट ताडपत्री केळीच्या पानासारखी पोटापासून गळ्यापर्यंत फाटत गेली. कापूस ढगासारखा उसळला, आणि त्या ढगातून पुंडलिकराव उठून बसले. हातात चाकू!

आता माझी बहीण, तिचं लग्न, बस, या सगळ्याचा विचार करायला हवा होता की नाही? पण माझी नजर त्या पात्यावर खिळली. काय पातं होतं महाराजा! निमुळतं, निळसर झाक असलेलं, आणि धारेवर एक ओरखडा नाही!

"पात्याला पाणी कशात दिलं जी?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"लोणच्याच्या तेलात," पुंडलिकराव अभिमानानं म्हणाले. आणि मग त्यांचा चेहरा पडला.

"असं!" अंबाबाई म्हणाल्या. आवाज अगदी शांत होता, म्हणून जास्त भीती वाटली. "तरीच म्हनो, बरणीतल्या तेलाले लोखंडाचा वास काऊन येते! पोळ्याच्या दिवशी बैलाच्या डोक्यावर हात ठेवून कोन म्हनलं होतं, की आता चाकू बनवनं सोडलं?"

"हा... हा माहा नोये," पुंडलिकराव म्हणाले. "थैलीतच सापडला."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बहिणीसाठी भावानं काय करू नये? मी घसा साफ केला. "हो, माझाच. शिवताना आत राहिला असेल."

अंबाबाईंनी चाकू हातात घेऊन उलटा केला. "मंग मुठीवर 'पुं' कोनाचं हाये?"

चाकू पुंडलिकरावांचाच! म्हणजे इतका वेळ ते सुटू शकत होते, आणि बायकोच्या धाकानं घामाघूम होत पडून राहिले होते!

"चला," अंबाबाई म्हणाल्या. "घरात एक चाकूवाला हाये तोच पुरे. वरून सोयराबी तसलाच? नाई जमत आपल्याले."

छाया भिंतीला टेकून खालीच बसली. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून जयश्री बाहेर आली. नवी साडी, केसांत गजरा, गजऱ्यावर कापूस. तिनं वाकून मोडक्या कैचीचे दोन्ही तुकडे उचलले.

"मावशी, एक बोलू काय?"

"बोल."

"ही कैची माझी होती. याआधी यंत्राची सुई मोडली. त्याआधी माझ्या शालीचा तंबूला पडदा झाला. मला या चाकूंचा तुमच्याइतकाच कंटाळा आहे. मी तुमच्या घरी आली, तर एकही पातं उंबऱ्याच्या आत येऊ देणार नाही. मामंजींचं नाही, आणि दादाचं तर नाहीच नाही!"

मी तोंड उघडलं. छायानं खालूनच माझा पाय दाबला.

अंबाबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मी एकटी पुरत नाई पोरी. हे कोटाच्या अस्तरात लपवते."

"अस्तर उसवता येते मले."

पहिल्यांदाच अंबाबाई हसल्या. जवळ गेल्या, जयश्रीच्या गजऱ्यावरचा कापूस काढला आणि तो चाकू तिच्या हातात ठेवला. "घे. आजपासून तुह्यापाशी." मग छायाकडे वळून म्हणाल्या, "कुंकू आना वो. बस निघून जाईन."

पुंडलिकराव बाजेवर बसून कापूस झटकत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं. आम्हा दोघांच्याही आयुष्यातून आताच काहीतरी जप्त झालं होतं.

कुंकू लागलं, साखर वाटली गेली, आणि आम्ही स्टँडकडे पळत सुटलो. पुंडलिकरावांच्या धोतराचा अर्धा काठ आमच्याच परसात चेनीत राहिला होता, त्यामुळे ते जरा जपून पळत होते. स्टँडवर अरविंद एक पाय बसच्या पायरीवर आणि एक पाय जमिनीवर ठेवून कंडक्टरशी वाद घालत उभा होता. आम्ही मंडळींना आत चढवलं. मी खाली उभा राहून हात जोडले आणि ओरडून सांगितलं, "जमलं बरं का, जावईबापू! अभिनंदन!"

त्याचा चेहरा खुलला, मग एकदम गोंधळला. बस हलली, तसा तो खिडकीतून अर्धा बाहेर आला.

"दादा, पण मी तर पाहिलीच नाही! मुलगी पाहायची राहिली!"

मी बसमागे चार पावलं धावलो.

"मी पायली ना!" आतून अंबाबाईंचा आवाज आला. "तू पयले डोकं आत घे."

त्यानं डोकं आत घेतलं.