चाळीस वर्षांचा मळ

रविवारी सकाळी दहा वाजता डॉक्टर भाजीची पिशवी घेऊन घरात शिरले, तेव्हा सासूबाई जेवणाच्या टेबलावर अण्णांची बेस गिटार आडवी घालून टूथब्रशने घासत होत्या. शेजारी कोमट साबणपाण्याचं घमेलं होतं, व्हिनेगरची बाटली होती, फर्निचरला लावायच्या पॉलिशचा डबा होता आणि तीन फडकी होती. त्यातली दोन काळी झाली होती आणि तिसरं होत आलं होतं.

"आलात?" सासूबाई मान वर न करता म्हणाल्या. "केवढी मळली होती हो ही. आठ दिवस समोर बघतेय, घास घशाखाली उतरत नव्हता. तुमच्या खोक्यातले दोन ब्रश घेतलेत. तुम्हीच सांगता ना पेशंटना, फटीतली घाण ब्रशनेच निघते म्हणून. आणि खाली ते पत्र्याचं झाकण आहे ना, त्याच्या आत कसला तरी कुजका बोळा अडकला होता, तोही काढून टाकला."

ब्रशपर्यंतचं डॉक्टरांनी ऐकलं. पुढचं ऐकायला ते शुद्धीवर नव्हते. डॉक्टर दातांचे होते, रोज दहा माणसांना आ करायला लावायचे, पण त्या क्षणी स्वतःचा आ त्यांना मिटता येईना. बायको पंधरा दिवस कामासाठी बाहेरगावी गेली होती, म्हणून सासूबाई घर सांभाळायला आल्या होत्या. त्यांनी घर इतकं सांभाळलं होतं की आता त्यात पुसण्यासारखं हीच एक वस्तू उरली होती.

ती वस्तू काय होती, हे सांगायला हवं. डॉक्टरांचे म्हातारे मित्र अण्णा यांनी ही बेस एका हॉटेलच्या बँडमध्ये चाळीस वर्षं वाजवली. मूळ रंग कडेला तपकिरी, मध्ये मधासारखा पिवळा. उजवा हात टेकायचा तिथला रंग झिजून आतलं लाकूड दिसायचं, आणि बाकी सगळीकडे घाम, धूर आणि लोणी यांचा एक जाडसर थर. अण्णांना वाजवण्याआधी लोणी लावलेला टोस्ट लागायचा. दर रविवारी डॉक्टर, त्यांचे मित्र पदार्थविज्ञानाचे सर आणि गाड्यांना रंग मारणारे गॅरेजवाले असे तिघं अण्णांच्या खोलीवर जमायचे. तिघांकडेही स्वतःच्या बेस होत्या. वाजवणं व्हायचं तासभर आणि बोलणं तीन तास. लाकूड कोणतं, वरचं लॅकर, म्हणजे वॉर्निश, किती पातळ, अँप्लिफायरवर बेस किती आणि ट्रेबल किती, या विषयांवर तिघं एकमेकांचं डोकं खायचे. एकमत फक्त एका गोष्टीवर होतं. अण्णांच्या बेसमधून जो गोल, भरीव, छातीत बसून लगेच थांबणारा 'धुम्म' निघायचा, तसा जगात कुठल्याच बेसमधून निघत नव्हता, आणि त्याचं रहस्य त्या थरात होतं. म्हणून त्यांनी आपसात नियम केला होता की या बेसला फडकं लावायचं नाही. सर तर भिंग घेऊन यायचे. अण्णा टोस्ट चावत "हो का?" एवढंच म्हणायचे.

अशा अण्णांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला जाताना तिघांतून डॉक्टरांना निवडलं. "मुलीकडे आठ दिवस आहे. ही तुझ्याकडे राहू दे," एवढंच म्हणाले. सर दोन दिवस डॉक्टरांशी नीट बोलले नव्हते. आणि आज संध्याकाळी सहाला अण्णांचा जुना बँड बारा वर्षांनी एकत्र वाजवणार होता. ड्रमवाल्याला दोन झटके येऊन गेले होते आणि गायकाला दोन मजले चढवत नव्हते, त्यामुळे पुन्हा कधी जमतील याची खात्री कोणी देत नव्हतं. अण्णा चारला बेस न्यायला येणार होते, आणि तेही नव्या, स्वच्छ डोळ्यांनी.

"छान झाली ना?" सासूबाईंनी विचारलं.

बेस लखलखत होती. तिच्यात डॉक्टरांना स्वतःचा चेहरा दिसला आणि तो पांढरा पडलेला होता.

"छान झाली, आई," ते म्हणाले. सासूबाईंना दुसरं काय म्हणणार?

बेस उचलून ते खालच्या मजल्यावरच्या दवाखान्यात गेले. रविवार असल्यामुळे दवाखाना बंद होता. कोपऱ्यातल्या छोट्या अँपला त्यांनी वायर जोडली आणि जाडी तार छेडली. 'टणण्ण्ण' असा आवाज निघाला आणि थांबायचं नाव घेईना. हात धुण्याच्या भांड्यातला चमचासुद्धा त्याच्याबरोबर वाजत राहिला. डॉक्टर मटकन पेशंटच्या खुर्चीत बसले. अण्णांचा चाळीस वर्षांचा आवाज आपल्या घरात, आपल्याच टूथब्रशने गेला, हे त्यांना सहन होईना. मग त्यांनी दोघांना फोन केला.

सर वीस मिनिटांत आले आणि बेस बघून त्यांनी चष्मा काढला. गॅरेजवाल्यांनी बोट फिरवून बोटाचा वास घेतला.

"पॉलिश," गॅरेजवाले म्हणाले. "सिलिकॉनचं. डॉक्टर, ते लॅकर श्वास घेतं. तुम्ही त्याच्या नाकातोंडात बोळे घातलेत."

"मी नाही. सासूबाईंनी."

"तेच ते. घर तुमचंच ना?"

"मुद्दा श्वासाचा नाहीच," सर म्हणाले. "मुद्दा वस्तुमानाचा आहे. त्या थरामुळे कंपनं शोषली जायची. थर गेला, आवाज मोकाट सुटला. उपाय सरळ आहे. थर परत चढवायचा."

"चाळीस वर्षांचा थर? चार वाजेपर्यंत?"

"प्रयत्न तर करू," सर म्हणाले, आणि बुडत्याला काडीचा आधार तसं डॉक्टरांनी ते मान्य केलं.

आधी पॉलिश काढायचं ठरलं. बेस पेशंटच्या खुर्चीत निजवली. खुर्ची मागे झुकवली, वरचा दिवा लावला. डॉक्टरांनी सवयीने मास्क आणि हातमोजे घातले आणि दातांचं कीटण काढायच्या बारीक आकड्याने तारा ताणायच्या खुंट्यांच्या फटीतलं पॉलिश ते खरवडू लागले. त्यांच्याही नकळत त्यांनी दोनदा "दुखलं तर हात वर करा" असं म्हटलं.

त्यानंतर घाम. अण्णांचा घाम मिळणं शक्य नव्हतं, तेव्हा जो आहे तो वापरायचा होता. सरांनी पंखा बंद केला, खिडक्या लावल्या आणि तिघांनी बैठका सुरू केल्या. तिघांचं मिळून वय दीडशेच्या वर. सर मोजत होते. बाराव्या बैठकीला गॅरेजवाले खाली गेले ते वर येईनात, त्यांना दोघांनी धरून उठवलं. मग तिघांनी घामेजलेले तळवे तारांवर फिरवले आणि डॉक्टरांनी तार छेडली.

'टणण्ण्ण.'

"लोणी," सर म्हणाले. "घामाला धरून ठेवणारा घटक लोणी होता."

डॉक्टर चोरपावलांनी वर गेले. सासूबाई पेपर वाचत होत्या. डॉक्टर फ्रिजमधून लोण्याचा डबा काढू लागले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "जेवण झालंय ना आत्ता?"

"पेशंट आहे," डॉक्टर म्हणाले. सासूबाईंनी पेपर खाली ठेवला, पण ते तोवर जिन्यात पोचले होते.

तोपर्यंत गॅरेजवाल्यांनी आपली पेटी उघडली होती. ग्रीस, काजळी आणि तपकिरी रंग एका झाकणात कालवून बारीक कुंचल्याने ते बेसवर मळ रंगवत होते. त्यांचं आयुष्य लोकांच्या गाड्यांवरचे ओरखडे आणि डाग नाहीसे करण्यात गेलं होतं. आज पहिल्यांदा डाग तयार करायची संधी मिळाली आणि त्यांचा हात काही थांबेना. हा धुराचा डाग, ही मनगटाची रेघ, हा बोटांचा ठसा, असं ते स्वतःशीच बोलत होते. डॉक्टर तारांना लोणी चोळत होते. सर डॉक्टरांच्या कपाळावरचा घाम निपटून बेसवर पाडत होते.

तेवढ्यात दार उघडलं. कडी लावायची राहिली होती. दारात गालाला रुमाल बांधलेल्या एक बाई उभ्या होत्या.

"रविवार आहे, पण रात्रभर ठणका लागला म्हणून..." एवढं बोलून त्या थांबल्या. बंद खोलीत घामाने निथळणारे तीन पुरुष, दिव्याखाली खुर्चीत आडवी पडलेली गिटार, एकाच्या हातात कुंचला आणि मास्क लावलेल्या डॉक्टरांच्या हातात लोण्याचा गोळा, असं सगळं त्यांनी एका नजरेत पाहिलं.

"या ना, पाचच मिनिटं," डॉक्टर म्हणाले. "यांचं होतच आलंय."

"नको नको," बाई म्हणाल्या. "आता बरं वाटतंय." आणि त्या गेल्या.

पावणेचार वाजता डॉक्टरांनी शेवटचा प्रयत्न केला. आवाज अजूनही 'टणण्ण्ण' असाच होता, फक्त आता बोटं घसरत होती. दिसायला बेस पूर्वीपेक्षाही मळकी झाली होती. सरांना सिद्धान्त सुचेना. ते भिंग पुसत बसले.

जिन्यावर काठीचा आवाज आला. काळा चष्मा लावलेले अण्णा आत आले आणि त्यांच्या मागोमाग, खाली एवढा वेळ काय चाललंय ते बघायला, सासूबाई. अण्णांनी चष्मा काढला, खुर्चीतल्या बेसकडे पाहिलं आणि नाक वर केलं.

"लोण्याचा वास येतोय," ते म्हणाले.

सासूबाई पुढे झाल्या. "जावईबापू, हे काय? सकाळी आरशासारखी केली होती मी."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. डॉक्टरांनी मास्क खाली केला आणि साबणपाण्यापासून बैठकांपर्यंत सगळं सांगून टाकलं. "अण्णा, तुम्ही विश्वासाने दिलीत. मला सांभाळता आली नाही. चाळीस वर्षांचा आवाज गेला. काय बोलू, मला तोंड दाखवायला जागा नाही."

अण्णांनी बेस उचलून मांडीवर घेतली. तार छेडली. 'टणण्ण्ण' संपायची त्यांनी वाट पाहिली. मग त्यांनी खालचं पत्र्याचं झाकण उचकटलं आणि आत बोट घातलं.

"इथला स्पंज कुठाय?"

"तो कुजका बोळा?" सासूबाई म्हणाल्या. "कचऱ्यात टाकला. भांडी घासायचा जुना स्पंज होता तो."

"भांडी घासायचाच होता. तार फार वेळ वाजत राहायची, शेजारी तक्रार करायचे, म्हणून बायकोने मोरीतला कापून दिला होता. आहे का एखादा घरात?"

सासूबाई वर जाऊन नवा स्पंज घेऊन आल्या. अण्णांनी डॉक्टरांच्या कात्रीने बोटभर पट्टी कापली, तारांखाली सरकवली, झाकण दाबून बसवलं. मग शर्टाच्या टोकाने बोटांचं लोणी पुसलं आणि तार छेडली.

'धुम्म.'

तोच आवाज होता. गोल, भरीव, छातीत बसून लगेच थांबणारा. डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला. त्यांना हसू फुटलं, मग डोळ्यांत पाणी आलं, मग त्यांनी पंखा लावला. सर मात्र बराच वेळ त्या झाकणाकडे बघत होते.

"पण अण्णा," गॅरेजवाले म्हणाले, "तो थर..."

"त्या थराचं सांगू का?" अण्णा जरा खाली बघत म्हणाले. "बारा वर्षं झाली, मला ही पुसायची होती. पण तुम्ही दर रविवारी भिंग घेऊन यायचात. एकदा गुपचूप एक कोपरा पुसला, तर सरांनी आल्या आल्या विचारलं, 'अण्णा, आज टोन जरा उतरलाय का?' तेव्हापासून हिंमत झाली नाही. ऑपरेशननंतर डोळे उघडले तेव्हा पहिला विचार आला, की आता हिला धुतोच. पण म्हटलं, पोरांना काय वाटेल." त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. "ताई, सकाळी खरंच आरशासारखी झाली होती?"

"चेहरा दिसत होता," सासूबाई म्हणाल्या.

"मला बघायला नाही मिळाली."

सासूबाईंनी पदर खोचला. त्यांनी खोक्यातून तीन ब्रश काढले आणि सर, गॅरेजवाले व डॉक्टर यांच्या हातात एकेक दिला. स्वतः त्या स्टुलावर बसल्या आणि कुठे राहिलंय ते दाखवू लागल्या. गॅरेजवाल्यांना आपली मनगटाची रेघ पुसताना वाईट वाटलं. साडेपाच वाजता अण्णांची बेस चकचकीत होऊन गाडीत बसली. सहाच्या कार्यक्रमात ती वाजली, अण्णा नव्या डोळ्यांनी अधूनमधून तिच्याकडे बघत हसत राहिले, आणि तिसऱ्या रांगेत बसलेल्या डॉक्टरांना आपला श्वास पुन्हा नेहमीसारखा चालू झाल्याचं जाणवलं. फडक्याचा नियम त्याच रात्री सर्वानुमते रद्द झाला.

पुढच्या रविवारी तिघं अण्णांकडे जमले. वाजवणं झालं तासभर. मग सरांनी खिशातून भिंग काढलं आणि रुमालात गुंडाळलेले चार स्पंज टेबलावर मांडले. पिवळा चांगला की हिरवा, भोकं बारीक हवीत की मोठी, आणि नव्या स्पंजात जुन्याचा दम का नाही, यावर तीन तास चर्चा झाली. अण्णा टोस्ट चावत "हो का?" म्हणाले.

घरी आल्यावर डॉक्टर पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. सासूबाई दुसऱ्या दिवशी परत जाणार होत्या म्हणून मोरी आवरत होत्या. कोपऱ्यातला झिजलेला, काळपट स्पंज त्यांनी दोन बोटांत धरला आणि कचऱ्याच्या डब्याकडे निघाल्या.

"आई," डॉक्टरांनी हळूच त्यांचा हात थांबवला. "राहू द्या तो. आत्ता कुठे मुरायला लागलाय."