नानांचं उघडं दार

एकलहऱ्याच्या कॉलनीत आमच्या समोरच्या क्वार्टरमध्ये प्रल्हादनाना देवरे राहत. रविवारी संध्याकाळी त्यांच्या घराचं दार लावायची कुणाची छाती नव्हती. नाशिकची थंडी हाडात शिरो, नाहीतर वीज केंद्राच्या चिमणीची राख उडत येऊन चहात पडो, दार आपलं सताड उघडं. कुणी लोटायला उठलंच, तर टीव्हीवरची नजर न हलवता नाना म्हणत, "राहू द्या. कोणी येत असेल."

कोण, ते विचारायची सोय नव्हती. त्या वेळी 'यानवाली' चालू असे.

'यानवाली' हे आमच्या बायकांनी ठेवलेलं नाव. मुळात ती हिंदीत डब केलेली विलायती मालिका. एक अंतराळयान वाट चुकून भरकटलेलं असतं. एके दिवशी त्याच्या भिंतीत, जिथे कधीच दार नव्हतं तिथे, एक दार दिसायला लागतं. कॅप्टन आत डोकावायला म्हणून जातो, तो परत येतच नाही. इंजिन चालू, टेबलावरच्या मगातून वाफ निघतेय, आणि माणूस नाही. मग दर भागात उरलेली मंडळी भांडत बसतात, की ते दार आता बंद करावं की नाही. आतून गार वारा येत असतो आणि अधूनमधून कुणीतरी खाकरल्यासारखा आवाज.

सोमवारी वीज केंद्राच्या कॅन्टीनमध्ये यावर खल चाले. कोळसा विभागातल्या निकमांच्या मते कॅप्टन परग्रहाचा हेर होता. माझं मत, त्या नटाचं दिग्दर्शकाशी वाजलं असणार. माझ्या बायकोने तर घरीच एका वाक्यात निकाल लावला होता, "घरच्या कटकटीला कंटाळून गेला असेल, दुसरं काय?" नाना सगळ्यांचं ऐकून घेत, बशीतला चहा संपवत आणि सांगत, "मरेल नही शे." म्हणजे, तो मेलेला नाही.

नाना मूळचे बागलाणातल्या नामपूरचे. टर्बाइनवर नोकरी करून त्यांची बोली शहरी झाली होती, पण मनातलं बोलायचं झालं की आपसूक अहिराणी येई. "मरेल नही शे. दुसरी बाजूले शे. तिकडून त्याला सगळं ऐकू येतं. यांनी दार लावलं, की मगच तो मेला."

हे मत फक्त कॅप्टनपुरतं असतं तर ठीक होतं. कुठल्याही मालिकेत कुणीही दरीत पडलं, जळालं, हार घातलेल्या फोटोत गेलं, तरी नानांचा निर्णय ठरलेला. एकदा आमचे एक जुने फोरमन वारले. आम्ही भेटायला गेलो. भिंतीवरच्या फोटोकडे बघून नानांनी "मरेल..." म्हणायला तोंड उघडलं आणि मी त्यांच्या बरगडीत कोपर मारलं. नाहीतर आम्हा दोघांनाही लोकांनी जिन्यावरून खाली लोटलं असतं.

मी थट्टा करायचो खरी, पण नानांच्या घरात बसून मालिका पाहताना मला भीती वाटायची, हे सांगितलेलं बरं. पुढे काय होणार ते नानांना आधी कळे. एका रविवारी ते हळूच म्हणाले, "आता खुर्ची फिरेल." आणि पडद्यावर कॅप्टनची रिकामी खुर्ची आपोआप, सावकाश दाराकडे फिरली.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"गेलेल्याची खुर्ची दाराकडेच बघत असते," नाना म्हणाले.

त्या दिवशी घरी जायला उठलो, तर व्हरांड्यात राखेचा पातळ थर बसला होता. त्यात पावलं उमटलेली. अनवाणी, आत येणारी. बाहेर जाणारं एकही नव्हतं. घरात तर आम्ही नेहमीचेच. मी नानांकडे पाहिलं. त्यांनी पंच्याने माझी चप्पल झटकून दिली आणि म्हणाले, "थंडी आहे, जा लवकर." रस्ता ओलांडून घर गाठेपर्यंत मी मागे वळून पाहिलं नाही.

उलगडा इंदूवहिनींनी केला, नानांच्या पत्नीने. त्या आमच्याकडे विरजण न्यायला आल्या होत्या. नानांचा धाकटा भाऊ वामन कांद्याचा ट्रॅक्टर घेऊन नामपूरच्या बाजारात गेला होता. ट्रॅक्टर तिथेच उभा सापडला, इंजिन चालू, सीटवर त्याचं उपरणं. वामन मात्र पुन्हा कुणाला दिसला नाही. "त्याला बारा वर्षं झाली," वहिनी म्हणाल्या. "आता गावचे म्हणतात, क्रिया उरकून घ्या. त्याच्या बायकोने किती दिवस वाट पाहायची? हे ऐकत नाहीत."

बारा वर्षं माणूस सापडला नाही, तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात आणि पुढचं सगळं रीतसर करतात. नानांनी आधी साफ नकार दिला. मग एका सकाळी अचानक तयार झाले, आणि तेही उत्साहात. मला म्हणाले, "चला रामकुंडावर. पिंडाला कावळा शिवणारच नाही. मेलाच नाही, तर शिवेल कसा? सगळ्यांची खात्री होऊन जाऊ द्या." प्रयोग करायला निघाल्यासारखे ते निघाले. मला हसावं की रडावं कळेना.

आणि खरंच कावळा शिवेना. झाडावर कावळे भरपूर होते, पण एक खाली उतरेल तर शपथ. नामपूरचे चुलते हात जोडून म्हणाले, तुझ्या बायकोला अंतर देणार नाही. कोणी म्हणालं, शेत सांभाळू. कावळे ढिम्म. ऊन चढलं. वामनची बायको पदर तोंडाशी धरून बसली होती. नाना माझ्याकडे वळले, चेहरा उजळलेला. "बघा," ते म्हणाले. "मरेल नही शे."

त्या भरात ते पिंडाजवळ गेले आणि शेजारच्याशी बोलावं तसं म्हणाले, "वामन, दार उघडंच शे रे भाऊ."

तोच एक कावळा उतरला आणि पिंडाला चोच लावून गेला.

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. वामनच्या बायकोने हंबरडा फोडला. नाना तिथेच ओल्या पायरीवर बसले. एवढीच वामनची इच्छा राहिली होती आणि ती नानांनीच पुरी केली होती. परतीच्या बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत होते. द्वारका चौक मागे पडल्यावर एकदाच म्हणाले, "म्हणजे ऐकू येत होतं त्याला." माझ्या अंगावर काटा आला, आणि मग त्यांची इतकी माया दाटून आली की मी नुसता त्यांचा हात धरून बसलो.

पुढच्या रविवारी आम्ही नेहमीसारखे जमलो. यानातल्या मंडळींनी कॅप्टनला मृत ठरवलं, टोप्या काढल्या, आणि भिंतीतलं ते दार बंद करायला दोघं पुढे झाले. आम्ही सगळे नानांकडे बघत राहिलो. ते पडद्याकडे बघत होते. मला राहवेना. मीच माझ्या मोडक्यातोडक्या अहिराणीत म्हणालो, "नाना, मरेल नही शे."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मांडीवरची राख झटकली.

"दार जरा ओढून घेता का?" ते म्हणाले. "राख येते आत."

दाराच्या सगळ्यांत जवळ मीच बसलो होतो. माझ्याने काही उठवेना.