मधल्या चाळीस सेकंदांचा कार्यभार

आमच्या नोंदणी कार्यालयातला मुख्य ब्राउझर चौदा महिने अखंड सेवेत होता. या काळात त्याने एकही रजा घेतली नाही, आजारपण काढलं नाही की जागा सोडली नाही. कार्यालयात दुसऱ्या कोणाबद्दल असं म्हणायची सोय नाही. त्याच्या उजव्या कोपऱ्यात 'अपडेट तयार आहे, रीस्टार्ट करा' अशी पट्टी यायची. आधी हिरवी, मग केशरी, मग लाल. हेडक्लार्क भाऊसाहेब रोज सकाळी 'नंतर' दाबायचे आणि कामाला लागायचे. पट्टी लाल झाल्यावर डोळ्यांना त्रास होतो म्हणून त्यांनी त्यावर एक चिकटकागद लावला, आणि प्रश्न मिटला.

मी तिथला आवक-जावक कारकून. काय आलं आणि काय गेलं एवढंच मी लिहितो. मध्ये काय होतं, ते माझ्या टेबलाचं काम नाही.

भाऊसाहेबांची बाजूही समजून घ्यायला हवी. त्यांच्या ब्राउझरमध्ये तीनशे बारा टॅब उघडे होते. आमच्याकडची पद्धत अशी, की प्रकरण हातात घेतलं की त्याचा टॅब उघडायचा. तो उघडा आहे तोवर मासिक अहवालात 'कार्यवाही सुरू' असं लिहायचं. टॅब बंद झाला म्हणजे प्रकरण निकाली. आणि निकाली म्हटलं की निकाल कोणी दिला, असं वरचे विचारतात. म्हणून भाऊसाहेब त्या टॅबांना डोळ्यांत तेल घालून जपत. वरच्या कार्यालयाने 'सर्वाधिक कार्यवाही सुरू' म्हणून दोनदा त्यांची पाठ थोपटली होती.

सोमवारी एक शिंपीणबाई आल्या. त्यांच्या मुलीच्या जन्मनोंदीत 'मुलगा' असं लिहिलेलं होतं.

"अठरा वर्षं कोणी विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "आता नर्सिंगला नंबर लागला, तर वसतिगृहवाले म्हणतात, कागदावर मुलगा आहे, घेता येत नाही. शुक्रवारी पाचपर्यंत दुरुस्त दाखला नेला नाही तर जागा दुसरीला जाणार. पोरगी म्हणते, आई, राहू दे, मी मशीनवर बसते. मला ते राहू द्यायचं नाहीये, साहेब."

भाऊसाहेबांनी एकशे सदतिसावा टॅब काढला. दुरुस्ती केव्हाच मंजूर झालेली. फक्त 'दाखला द्या' हे बटण दाबायचं राहिलेलं. भाऊसाहेबांनी दाबलं. काही होईना. मग मी दाबलं. मग साहेब स्वतः केबिनमधून उठून आले आणि त्यांनी अधिकाराने दाबलं. बटण ढिम्म.

संगणक दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने चिकटकागद उचलला आणि कपाळाला हात लावला.

"ब्राउझर जुना झालाय, म्हणून बटण चालत नाही. रीस्टार्ट करा, चाळीस सेकंदांचं काम. आणि अशा जुन्या ब्राउझरमधल्या भोकातून कोणीही आत येईल हो."

"इथे आत यायला अर्ज करावा लागतो," भाऊसाहेब म्हणाले. "टॅबांचं काय?"

"आपोआप परत उघडतात."

"परत उघडतात म्हणजे आधी बंद होतात."

"चाळीस सेकंद फक्त."

"म्हणजे चाळीस सेकंद तीनशे बारा प्रकरणं निकाली. सही कोणाची?"

दुरुस्तीवाल्याने आपली पिशवी उचलली. बिचाऱ्याला हे कोणी शिकवलेलं नव्हतं.

मंगळवारी साहेबांनी ठाम निर्णय घेतला, म्हणजे समिती नेमली. समितीने दिवसभर बसून शोधून काढलं, की बंद करण्याची परवानगी आस्थापना शाखा देते आणि सुरू करण्याची भांडार शाखा. दोघांनीही उदार मनाने परवानगी दिली. घोडं अडलं ते मध्ये. बंद झालेला आणि अजून सुरू न झालेला ब्राउझर चाळीस सेकंद कोणाच्या ताब्यात असतो, यावर नियमपुस्तकात अक्षर नव्हतं.

शिंपीणबाई बाहेरच्या बाकावर बसून शर्टांची काजं करत होत्या. दुपारी त्यांनी दारातून डोकं आत घातलं.

"साहेब, मीच दाबू का ते?"

"बाई, तुम्ही अर्जदार," साहेब समजुतीने म्हणाले. "अर्जदारच आपापली कामं करायला लागले, तर एवढं कार्यालय कशासाठी?"

बाईंनी डोकं बाहेर घेतलं. मला वाईट वाटलं. तशी नोंद करायला रकाना नव्हता.

बुधवारी तोडगा निघाला. अपडेट सुरक्षेचं असल्याने मधल्या चाळीस सेकंदांचा कार्यभार दारावरच्या सुरक्षारक्षकाकडे द्यावा. रक्षक कष्टाळू माणूस, पण हिशेबी. "न मोजता माल ताब्यात घेणार नाही," तो म्हणाला. तो टॅब मोजायला बसला. दोनशे चौदाव्या टॅबवर जेवणाची सुट्टी झाली. परत आल्यावर आकडा विसरला. गुरुवारी पहिल्यापासून मोजले, तर तीनशे अकरा भरले. एका टॅबचा तपास लागेपर्यंत कार्यालय सुटलं. तो समितीच्या एका सदस्याने गेल्या आठवड्यात क्रिकेटसाठी उघडलेला होता आणि सामना संपल्यावर त्याने बंद केला होता. शुक्रवारी सकाळी आकड्याची दुरुस्ती, दुरुस्तीला मान्यता, मान्यतेची प्रत. कार्यभाराची वेळ ठरली साडेचार.

चार वाजून दहा मिनिटांनी रक्षक इस्त्रीचा गणवेश घालून खुर्चीमागे उभा होता. शिंपीणबाई बाकावरून उठून दारात आल्या होत्या. त्यांची सुई हातात तशीच होती. तेवढ्यात ब्राउझर आपला आपण बंद झाला.

"मी अजून कार्यभार घेतला नव्हता," रक्षक चटकन म्हणाला.

चाळीस सेकंदांनी ब्राउझर उघडला. सगळे टॅब जागच्या जागी. लाल पट्टी गायब. मग एकेका टॅबवर 'दाखला दिला, दाखला दिला' असं उमटू लागलं आणि कोपऱ्यातला प्रिंटर खडखडून जागा झाला. एकशे सदतिसावा दाखला शिंपीणबाईंनी गरम असतानाच उचलला, 'मुलगी' हा शब्द दोनदा वाचला, आणि त्या धावत सुटल्या. पाचला दहा कमी असताना पोचल्या, असं नंतर कळलं.

आम्ही दुरुस्तीवाल्याला फोन करून शाबासकी दिली. तो म्हणाला, मी तर घरी आहे. तो धावत आला आणि पडद्यावरच्या नोंदी तपासू लागला.

"चोर आहे. महिनाभर आत बसलाय. स्वतःची वेगळी वाट करून घेतलीय. आता दुसरा चोर शिरू नये म्हणून त्याने अपडेट करून टाकलं."

"आणि दाखले?"

"अर्धवट नोंदी विकल्या जात नसतील. पुऱ्या करून नेल्या."

महिनाअखेरच्या अहवालात 'प्रलंबित: शून्य' असं लिहावं लागलं. वरच्या कार्यालयाने गौरवपत्र पाठवलं. ते चौकटीत घालून लावलंय. भाऊसाहेबांची एकच तक्रार राहिली, की चोराने मधल्या चाळीस सेकंदांचा कार्यभार कोणाच्या आदेशाने घेतला.

सोमवारी शिंपीणबाई आभार मानायला आल्या.

"ज्यांनी काम केलं, त्यांना भेटायचं होतं."

"ते बाहेर असतात," भाऊसाहेब म्हणाले.

"आमच्या शेजारणीचंही एक काम अडलंय. ते थेट त्यांच्याकडेच दिलं तर चालेल?"

साहेबांनी पंखा वाढवला.

आता माझ्या टेबलाचं तेवढं सांगतो. नोंदवहीतल्या सगळ्या नागरिकांना आम्ही पत्र पाठवलं: तुमची माहिती बाहेर गेली आहे, पासवर्ड बदला, ब्राउझर रीस्टार्ट करा. शिंपीणबाईंनी त्याच दिवशी सगळं केलं. मुलीने करून दिलं म्हणे. नोंदवहीत नाव तुमचंही आहे, म्हणजे पत्र तुम्हालाही गेलंय, जावक क्रमांक माझ्याकडे आहे. त्यावर तुम्ही 'नंतर' दाबलंत की काय, याची नोंद आमच्या दप्तरी नाही. ती चोराकडे आहे.