माणिककाकांनी ओ दिली

मंडळी, आधीच सांगतो, भूत, हडळ, चकवा यांना आमच्या घरात थारा नाही! आमचे बाबा, म्हणजे 'सिताराम साउंड सर्व्हिस, पिंगळी', यांनी चाळीस वर्षं गावोगावच्या मांडवांत भोंगे बांधले. स्मशानावरून एकट्यानं सायकल हाकली. भीती वाटली तर ती फक्त लाइट जाण्याची! मी त्यांचाच मुलगा धम्मदीप. त्यामुळे पुढे मला घाम फुटल्याचं सांगेन, तो उन्हाचा समजा.

संरक्षण खात्याची छोट्या उद्योगांसाठी एक योजना आहे. सैन्याच्या कामाचं नवं यंत्र तुम्ही शोधा, संशोधनाचा खर्च सरकार देतं. माझी बहीण साक्षी इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर. तिनं अक्कल लावली, मी भोंग्यांचा अनुभव लावला, आणि लग्नात भोंगे लावणारं आमचं दुकान थेट देशाच्या संरक्षणाला लागलं!

यंत्र म्हणाल तर साधं. टॉर्चचा उजेड झोतात जातो, तसा आवाज झोतात सोडायचा. दोनशे मीटरवर ज्याच्या अंगावर झोत पडेल त्यालाच ऐकू येणार, अगदी कानाशी कुणी बोलल्यासारखं. शेजारच्याला काही नाही. यंत्रापाशी उभा असेल त्यालाही काही नाही! सगळं गुप्त ठेवायच्या करारावर आम्ही दोघांनी सह्या केल्या होत्या. गावात विचारलं तर सांगायचं, "भोंगा दुरुस्त करायलोय."

गुरुवारी पुण्याहून समिती येणार होती, म्हणून सोमवारी आम्ही माणिककाकांच्या रानात चाचणी ठेवली. माणिककाका बाबांचे जिवलग दोस्त. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली, तरी आमच्या दुकानापुढून जाताना ते सवयीनं आत डोकावतात. चाचणीला खणखणीत आवाज हवा होता, म्हणून साक्षीनं बाबांच्या जुन्या कॅसेटवरची एक घोषणा यंत्रात भरली. कोणती, ते मी विचारलं नाही.

भर दुपारचे बारा. रान नांगरून टाकलेलं, काळं आणि उघडं. पान हलत नव्हतं, कावळासुद्धा ओरडत नव्हता. पलीकडच्या कडुलिंबाखाली साक्षी आवाज मोजायचं मीटर घेऊन उभी राहणार होती. ती पाण्याची बाटली भरायला विहिरीकडं गेली आणि इकडं मी तोऱ्यात बटण दाबलं.

लिंबाखाली माणिककाका कधी येऊन टेकले, मला दिसलंच नाही!

दिसले ते एकदम उभे राहिलेले. त्यांनी डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, वर झाडात पाहिलं. मग रिकाम्या रानाकडं तोंड करून हात जोडले आणि ओरडले, "ओ! आलो रं, सिताराम!"

माझ्याजवळ सगळं शांत. यंत्राचा एक दिवा तेवढा लुकलुकत होता.

"दादा, बंद कर!" साक्षी धावत आली.

"काय लावलंस तू यात?"

तिनं हेडफोन माझ्या कानाला लावला. आत बाबा अगदी ठणठणीत बोलत होते, "पिंगळीचे माणिकराव, आपण जिथं असाल तिथून ताबडतोब मांडवाकडं यावं. पंगत आपल्यासाठी थांबलेली आहे."

दर लग्नात माणिककाका गप्पा हाणत कुठंतरी गायब व्हायचे आणि दर लग्नात बाबा ही घोषणा करायचे. आता आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं, की माणूस दिसत नसताना हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. हाक मारणारा गेलेला असेल तर मुळीच नाही! आणि माणिककाकांनी तर ओ देऊन वर "आलो" म्हणून कबूलही केलं होतं.

मंगळवारी दगडाबाई काकू, म्हणजे माणिककाकांची बायको, रडत दारात.

"धम्मा, चल रं बाबा! तुझे काका कालच्यानं घास खाईनात. धुतलेलं धोतर नेसून बाजंवर पडल्यात. डाक्टर म्हणतो, बीपी लय खाली चाललाय."

मी धावत गेलो. काका छातीवर हात ठेवून आढ्याकडं पाहत होते. चेहरा पार उतरलेला.

"काका, दोन घास खा ना."

"कामून खाऊ? पंगतीला चाललोय, घरून जेवून जाऊ व्हय? सिताराम थांबलाय तिकडं."

"तो भास असेल, काका!"

"भास न्हाई रं. हितं, कानाशी बोलला. त्याच्या तपकिरीचा वाससुद्धा आला."

आवाजाबरोबर वास पाठवायची सोय आमच्या यंत्रात नाही, मंडळी! माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. हा भला माणूस माझ्या एका बटणापायी उपाशी मरायला टेकला होता, आणि खरं सांगायला माझं तोंड सरकारनं शिवलेलं! मी योजनेच्या कार्यालयाला फोन लावला.

"साहेब, फक्त एका माणसाला सांगितलं तर चालेल का?"

"लेखी अर्ज करा. पंधरा दिवसांत उत्तर मिळेल."

काकांकडं पंधरा दिवस कुठले! म्हणून मीच डोकं चालवलं. साक्षी बॅटऱ्या आणायला परभणीला गेली होती. मी दुकानाचं शटर ओढलं, हेडफोन लावला आणि बाबांच्या कॅसेटी उपसल्या. तीन वर्षांनी बाबा कानात बोलायला लागले आणि खरं सांगतो, अर्धा तास मी काहीच केलं नाही. नुसता ऐकत रडलो. मग एका लग्नात आचारी उशिरा आला होता, तेव्हाची घोषणा सापडली. ती मी काकांच्या नावाला जोडली. "पिंगळीचे माणिकराव... पंगतीला अजून पुष्कळ अवकाश आहे. कोणीही घाई करू नये." वा रे धम्मदीप!

बुधवारी सकाळी साक्षीला घेऊन, यंत्र हातगाड्यावर टाकून रानात पोचलो. काकूला निरोप होता, काकांना उचलून का होईना, लिंबाखाली आणा.

काका लिंबाखाली बसले होते. पुढ्यात ठेचा, हातात भाकरी. काकू म्हणाल्या, तिसरी!

"काका! जेवायलाय?" मला आनंद झाला. मग लक्षात आलं, यंत्र अजून पोत्यात गुंडाळलेलं आहे.

"मंग काय तर! पहाटं सिताराम परत बोलला. म्हणला, पंगतीला अजून पुष्कळ अवकाश हाय, घाई करू नको."

मी साक्षीकडं पाहिलं. तिनं गळ्याची शपथ घेऊन नकारार्थी मान हलवली. तिला तर ती घोषणा मी ऐकवलीही नव्हती! सकाळच्या कोवळ्या उन्हात मला दरदरून घाम फुटला.

"आणखी काही म्हणाले का?" माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"म्हणला ना." काकांनी घास मोडला. माझ्याकडं बघताना ते हसत होते की नुसते चावत होते, कळेना. "म्हणला, धम्माला सांग, बोलून बोलून माझा घसा बसलाय. आता सोताचा आवाज लाव म्हणावं."

तुम्हाला कसं कळलं, असं विचारायचं तर काय कळलं ते आधी कबूल करावं लागतं. करार आडवा! मी गुमान हातगाडा वळवला आणि घरापर्यंत एकदाही मागं पाहिलं नाही.

गुरुवारी समिती आली. यंत्रात आता माझा आवाज होता. मोठे साहेब लिंबाखाली उभे राहिले, ऐकलं, खूश झाले, कागदावर 'उत्तम' लिहिलं. मग माझ्यापाशी येऊन म्हणाले, "यंत्र झकास आहे हो. पण बोलणाऱ्याचा आवाज एवढा का थरथरतोय?"

"वारं लय होतं, साहेब," मी म्हणालो.

आता रेकॉर्डिंग दुकानात, शटर ओढून, पंखा बंद करून केलं होतं, हे साहेबांना कशाला सांगायचं!