पिठाचं वादळ

बुद्धप्रियाने चौथीच्या वर्गाच्या खिडक्या पुन्हा एकदा तपासल्या. तीन उघड्या होत्या, चौथी गंजून बसली होती. मागच्या बाकावर मुख्याध्यापिका बिराजदार बाई वही उघडून बसल्या होत्या. आजचा तास नीट झाला तर जूनपासून नोकरी, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. बी.एड. करून नऊ वर्षं झाली होती आणि ती सगळी लेकीचा, संघमित्राचा खोकला ऐकण्यात गेली होती. ती संघमित्रा आत्ता पहिल्याच बाकावर बसून आईकडे अनोळखी बाईकडे बघावं तशी बघत होती.

विषय बहात्तरचा दुष्काळ. आधी सासरे आठवणी सांगणार, मग पत्र्याच्या ट्रेमधल्या पुठ्ठ्याच्या गावावर पंख्याने धुळीचं वादळ येणार, असा बेत होता. सासऱ्यांच्या गावाहून, मंद्रूपहून मातीसुद्धा आणवली होती. पण काल ती चाळताना तिला स्वतःलाच चार शिंका आल्या, डोळ्यांपुढे अडतीस पोरांच्या छात्या आल्या, आणि माती कुंडीत गेली. तिच्या जागी तिने डब्यातलं ज्वारीचं पीठ घेतलं. स्वच्छ, घरचं, तोंडात गेलं तरी काळजी नाही. हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं.

सासरे ज्ञानबा सकाळच्या एसटीने आले होते. आल्याआल्या घरी तिने त्यांच्याकडून दोनदा तालीम करून घेतली होती. खडी फोडून हाताला आलेले फोड, पाण्यासाठीची पायपीट, दावणीची सोडून दिलेली जनावरं. ते ऐकून तिचेच डोळे भरून आले होते. वर्गात मात्र समोर एवढी पोरं बघून म्हातारा खुलला.

"लई मजा यायची बगा," ज्ञानबांनी सुरुवात केली. "सरकारी कामावर सगळी एका रांगेत खडी फोडाय बसायची. आमी हितं, पाटील तितं. त्येची खडी लई मोठी निगायची, मग मुकादम त्येलाच वरडायचा. आमी खाली मान घालून हसायचो."

मग सुकडी आली. सरकारने वाटलेला तो गोड भुगा खिशात भरून कसा खायचा, याचं वर्णन इतकं रंगलं की पोरं ओठ चाटायला लागली. एकाने विचारलं, शाळा होती का? बंद होती, ज्ञानबा म्हणाले. त्याबरोबर सगळा वर्ग दुष्काळाच्या बाजूने झाला. एक मुलगी तर पुढचा कधी येणार म्हणून विचारू लागली. मागे बाईंचं पेन भराभर चाललं होतं.

"मामा, हाताचे फोड सांगा की," बुद्धप्रिया दात आवळून कुजबुजली.

"व्हते की. पर लेकरास्नी काय फोडाचं सांगायचं?"

आता वादळाशिवाय इलाज नव्हता. तिने घाईने पंख्याचं बटण दाबलं. स्टाफरूममधून आणलेल्या त्या पंख्याला आता एकच वेग उरला आहे, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. पुठ्ठ्याचं गाव आधी उडालं, मागोमाग दोन किलो पीठ. फळा पांढरा झाला, पोरं पांढरी झाली, बाईंच्या चष्म्यामागे डोळे उरले नाहीत. संघमित्रा एकदाही खोकली नाही, हे मात्र बुद्धप्रियाने त्या गोंधळातही टिपलं.

पंखा थांबला. ज्ञानबांनी ओठावरून बोट फिरवून चाटलं.

"प्रिया, ही माती न्हाय."

"नाही मामा."

"पीठ हाय."

"पोरांच्या छातीत धूळ जायला नको म्हणून..."

"दुष्काळ शिकवाय पीठ उधळलंस व्हय गं?"

आवाज चढला नव्हता. ज्ञानबांनी टोपी काढली, गुडघ्यांवर बसले आणि बाकावरचं पीठ तळहाताने टोपीत ओढू लागले. त्यांची आई पिठाचं रिकामं पोतं उलटं करून शिवणीशिवणीतून झाडायची, ते कोणाकडेही न बघता सांगत होते. एक भाकरी निघायची. ती पोरांना वाटून, मी मघाशीच जेवले म्हणत ती भिंतीकडे तोंड करून बसायची.

पहिली संघमित्रा उठली. मग पट्ट्या आल्या, वह्यांचे पुठ्ठे आले. अडतीस पोरं पीठ खरवडू लागली.

घंटा झाली. नोकरी गेल्याचं धरून बुद्धप्रिया मनात माफी जुळवत असतानाच बाई चष्मा पुसत पुढे आल्या.

"आधी हसवलंत, मग पीठ उधळलंत, आणि मग आजोबांनी ते गोळा केलं. किती दिवस तालीम केलीत?"

खरं सांगायला ज्ञानबांनी तोंड उघडलं. बुद्धप्रियाने त्यांच्या हातात पाण्याची बाटली दिली.

"दोनदा," ती म्हणाली, आणि ते खोटंही नव्हतं.

"जूनची वाट कशाला बघायची, सोमवारीच रुजू व्हा. पुढचा धडा महापुराचा आहे. असंच प्रत्यक्ष दाखवा. आणि आजोबांना आणाच."

बुद्धप्रियाने मान हलवली आणि हिशेब केला. आज शुक्रवार. नळाला पाणी सकाळी येऊन गेलं, आता थेट बुधवारी.

शेजारी ज्ञानबांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि तिच्याकडे रोखून पाहिलं.

"पुराला किती घागरी लागत्याल गं?"