बाकावरची आठ हजार पावलं

“हात मांडीवर ठेवून बोल गं. कुणाचा तरी डोळा जाईल.”

साठ वर्षांपूर्वीचा हा आईचा आवाज. आई गेली, ते स्वयंपाकघर गेलं, आवाज मात्र पवनचक्कीच्या कानात अजून नुकत्या उतरवलेल्या दुधासारखा कोमट होता. हे वाक्य तिनं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा डोळा कुणाचाच गेला नव्हता, दुधाचं पातेलं गेलं होतं. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा आजोबांचा चष्मा खिडकीतून बाहेर उतरला होता. पुढे पुढे आई नुसतं “हात” एवढंच म्हणायची, आणि शेवटी शेवटी तर तेही नाही. नुसती लेकीच्या मांडीकडे बघायची.

उपयोग शून्य. मोठेपणी पवनचक्कीला नोकरी लागली ती टेलिफोन केंद्रात. एकतीस वर्षं समोर भोकाभोकांची उभी पाटी आणि हातात तारा. ही तार त्या भोकात, ती तार या भोकात. तोंडानं एकाशी बोलायचं आणि हातांनी दुसऱ्या दोघांना जोडून द्यायचं. निवृत्तीच्या दिवशी तारा सुटल्या, हात मात्र मोकाट सुटले. पवनचक्की हे नाव तिथल्याच मुलींनी ठेवलेलं. ती ‘पाऊस’ म्हणाली की समोरचीला छत्री उघडावीशी वाटायची, आणि ‘जिना’ म्हणाली की ऐकणारीला धाप लागायची.

तर या पवनचक्कीची साखर वाढली. डॉक्टरीणबाईंनी तपासणीचा कागद वाचला, मग तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “रोज आठ हजार पावलं. एक कमी नको.”

नेमकी त्याच आठवड्यात लेकीला नोकरी लागली. नकाशे काढण्याची नोकरी. लहानपणी भिंतीवर ओल आली तरी पोरगी त्यात बेटं शोधायची, तिला याहून दुसरं काय हवं होतं? पण शहर पडलं नऊ तासांवर. चार दिवस ती बॅग भरत होती आणि चार दिवस उपसत होती.

“तुला इथं टाकून कशी जाऊ, आई?”

“टाकून? मी काय छत्री आहे?”

शेवटी लेकीनं एक काळ्या पट्ट्याचं घड्याळ आणलं. तसलंच तिच्याही मनगटावर होतं. आईच्या मनगटावर पट्टा आवळत ती म्हणाली, “हे पावलं मोजतं. तुझा आकडा मला तिथं मोबाइलवर दिसणार. तीन दिवस सलग आठ हजारांच्या खाली गेलीस तर नोकरी सोडून परत येईन. सांगून ठेवते.”

“आठ? अगं, दहा चालेन. आठ हजार तर मी मिठाची बरणी शोधताना चालते.” बरणी कुठे कुठे असू शकते हे दाखवताना खिडकीतली कुंडी खाली गेली. मनगटावरचा आकडा बारा झाला. कुंडीच्या गडबडीत तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

लेक गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी पवनचक्की बूट घालून बागेत निघाली. दारापासून तळ्याकाठच्या बाकापर्यंत तीनशे दहा पावलं झाली. बाकावर दोघी बसलेल्याच होत्या, रोजच्यासारख्या. एक शिंपीणबाई. कोपऱ्यावर यांचं दुकान, कॉलरला कायम चार टाचण्या, आणि डोक्यात कायम यमकं. दुसऱ्या ग्रंथपालबाई. वाचनालयातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी शेजारी कुणी वाचत बसलंय अशा बेतानं कुजबुजायच्या. बिस्किटांचा डबा त्यांच्याकडे असायचा.

“पाचच मिनिटं टेकते,” पवनचक्की म्हणाली. “मग तळ्याला चार फेऱ्या.”

“टेक की. लेक गेली ना? गेली कशी ते तरी सांग.”

आता हे काय पाच मिनिटांत सांगण्यासारखं होतं? बॅग बंद होईना. मग तिच्यावर पवनचक्की बसली, मग लेक बसली, मग शेजारीण बसली. बॅग बंद झाली, पण तिकीट आत राहिलं. सगळं साग्रसंगीत सांगून होईतो ऊन झाडाच्या बुंध्यावरून बाकावर उतरलं होतं. तेवढ्यात मनगट थरथरलं. घड्याळात एक तारा नाचत होता.

आठ हजार चाळीस.

तिघी घड्याळाकडे बघत राहिल्या. पायाखालचं गवतसुद्धा चुरगळलं नव्हतं.

“बिघडलंय,” पवनचक्की म्हणाली.

“थांब,” ग्रंथपालबाई कुजबुजल्या. “बॅगेचं पुन्हा सांग. हात मांडीवर ठेवून.”

पवनचक्कीनं हात मांडीवर ठेवले. “बॅग,” ती म्हणाली. मग बराच वेळ काही नाही. “बंद. होईना.” तार आल्यासारखं. आकडा जागचा हलला नाही.

“आता हातांसकट.”

दोनशे बारा पावलं वाढली, आणि बिस्किटाचा डबा थोडक्यात वाचला.

शिंपीणबाईंनी कॉलरची टाचणी काढून परत खोचली. त्यांना यमक सुचलं की त्या असं करत.

“हातांनी गं बोलली, वाट कशी चालली,
बूट राहिले कोरे, गावं मागं टाकली.”

तिथून सुरू झालं सगळं. पवनचक्कीच्या मनात होतं की उद्यापासून खरंच चालायचं. पण उद्या आलं की बाकावर काहीतरी निघायचंच. ग्रंथपालबाईंनी एक वही घातली आणि विषयवार नोंदी सुरू केल्या, सुवाच्य अक्षरात. शेजारीण: सहाशे चाळीस पावलं. वरच्या मजल्यावरचं धुण्याचं यंत्र: नऊशे दहा. धाकटी जाऊ: अठराशे पन्नास, जावेची आई धरून तेवीसशे. निघायची वेळ झाली आणि आकडा मागे असला की शिंपीणबाई शांतपणे सुचवायच्या, “दोन हजार कमी आहेत. थोरली नणंद काढ.”

संध्याकाळी लेकीचा फोन यायचा, न चुकता.

“आई, आज पंधरा हजार? पाय दुखत नाहीत ना?”

“पाय? छे. खांदा तेवढा भरून येतो.”

“चालताना खांदा?”

“या वयात कुठलं कुठे येईल काय सांगावं. तुझं कसं चाललंय तिथं?”

“मस्त. माझं राहू दे, तू सांग. शेजारच्या काकूंचं काय झालं पुढे?”

मग पवनचक्की एका हातानं फोन धरून दुसऱ्या हातानं काकू उभ्या करायची.

एके सकाळी वरच्या मजल्यावरचं धुण्याचं यंत्र थरथरत, चालत चालत न्हाणीघराच्या दारापर्यंत आलं आणि दाराला टेकून उभं राहिलं. नवरा आत, बायको बाहेर. मधे यंत्र, साबणाच्या फेसासकट. पवनचक्कीनं ते बाकावर दोनदा सांगितलं, दुसऱ्या वेळी उभं राहून. त्या दिवशी बावीस हजार झाले.

“बावीस?” लेक फोनवर ओरडली. “गेली कुठवर होतीस तू?”

“वरच्या मजल्यापर्यंत,” पवनचक्की म्हणाली. तेवढं खरं होतं.

महिना झाला आणि डॉक्टरीणबाईंनी पुन्हा साखर तपासली. वाढली होती. वजनही दीड किलो वर. डॉक्टरीणबाईंनी घड्याळातले आकडे पाहिले, कागद पाहिला, पुन्हा आकडे पाहिले. “एवढं चालून वजन वाढलेली तुम्ही माझी पहिलीच पेशंट,” त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात थोडा आदरही होता.

दुसऱ्या सकाळी ग्रंथपालबाईंनी वही मिटून मांडीवर ठेवली. “आता लेकीला खरं सांग.”

“सांगितलं तर ती बॅग उचलून येईल.”

“येऊ दे. तुझी तब्येत महत्त्वाची.”

“आणि तिचे नकाशे? बाई, तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही जन्मभर पुस्तकं बाहेर पाठवलीत. पंधरा दिवसांनी ती आपोआप परत आली. लेक पाठवायची म्हणजे काय असतं ते तुम्हाला काय ठाऊक?”

शब्द तोंडातून गेले. हात हवेतच राहिले. ग्रंथपालबाईंना मूलबाळ नव्हतं, आणि हे बाकावर कुणी कधी बोलत नसे. त्यांनी डब्याचं झाकण लावलं, वही पिशवीत टाकली आणि पायवाटेनं निघून गेल्या. पाठमोऱ्या बाईंना हाक मारायला पवनचक्कीनं हात वर केला, पण हाक काही निघाली नाही.

पहिल्या दिवशी बाकावर ग्रंथपालबाई नव्हत्या. शिंपीणबाईंनी दोनचार विषय काढून पाहिले, पण बोलणं मापाला बसेना. संध्याकाळी आकडा होता नऊशे.

दुसऱ्या दिवशी पवनचक्कीनं ठरवलं, आपण खरंच चालायचं, एकटीनं. गार वारा होता म्हणून हात कोटाच्या खिशात घातले. तळ्याला फेऱ्यांमागून फेऱ्या घातल्या. बदकांनीसुद्धा पाहिलं. एक बदक दुसऱ्याच्या अंगावर चढून भांडत होतं, अगदी धाकट्या जावेसारखं, पण सांगणार कुणाला? घरी येऊन घड्याळ पाहिलं तर सातशे. खिशातल्या हातांचं चालणं घड्याळाला कळलंच नव्हतं. त्या संध्याकाळी फोनवरही बोलणं झालं नाही फारसं. “जेवलीस?” “जेवले.” “बरं आहे ना?” “बरं आहे.”

तिसऱ्या दिवशी दुपारी ती शिंपीणबाईंच्या दुकानात जाऊन उभी राहिली. “आजचा दिवस गेला की तीन दिवस होतात. लेक नोकरी सोडून येईल. काहीतरी कर.”

शिंपीणबाईंपुढे एका रुग्णालयाचे चाळीस पडदे पडले होते, सरळ शिलाईचे. त्यांनी पडद्यांकडे पाहिलं, मशीनच्या पायडलकडे पाहिलं. मग टाचणी काढून खोचली.

“काढ ते घड्याळ.”

पायडलला घड्याळ करकचून बांधलं आणि शिंपीणबाईंनी पाय चालवला. पहिल्या पडद्याला हजार झाले. दोघींच्या जिवात जीव आला. मग चहा झाला, मग पवनचक्कीला एकदम रडू आलं, मग ग्रंथपालबाई किती चांगल्या आहेत यावर बोलणं सुरू झालं, आणि ते काही संपेना. शिंपीणबाई ऐकत होत्या आणि पाय चालत होता. चाळिसावा पडदा संपल्यावर त्यांनी खाली वाकून पाहिलं.

“अगं बाई,” त्या म्हणाल्या. “एक्केचाळीस हजार.”

त्या संध्याकाळी लेकीचा फोन आला नाही. पवनचक्कीनं केला तर उचलला नाही.

सकाळी ती आधी शिंपीणबाईंच्या दुकानाकडे गेली, ते बंद दिसलं तशी जवळजवळ धावतच बागेकडे निघाली. शिंपीणबाईंना तरी सांगावं. तळ्याकाठी आली आणि थबकली. बाकावर ग्रंथपालबाई बसल्या होत्या. शेजारी लेक. पायाशी बॅग.

“घराला कुलूप दिसलं,” लेक म्हणाली. “म्हटलं, इथंच असशील.”

मागून शिंपीणबाई आल्या. त्यांनीही बॅग पाहिली आणि गुपचूप बाकाच्या टोकाला टेकल्या.

पवनचक्की बसली. साठ वर्षांत पहिल्यांदा तिनं कुणी न सांगता दोन्ही हात मांडीवर ठेवले. “मी,” ती म्हणाली. “चालले. नाही. बसले.”

“आई, काही कळत नाहीये. हात सोड बघू.”

हात सुटले. मग सगळंच सुटलं. बॅग, बाक, वही, थोरली नणंद, डॉक्टरीणबाई, पायडल. सांगून झालं तेव्हा घड्याळात अकराशे पावलं जास्त होती आणि पवनचक्कीचा चेहरा शाळेत अंगठे धरून उभ्या राहिलेल्या मुलीसारखा होता.

लेक डोळे पुसत होती. हसून हसून. “आई, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. फोनवर तू बोलायला लागलीस की माझ्या मोबाइलवर तुझा आकडा पळायचा. जेवलीस का विचारलं की बारा. काकूंचं विचारलं की चारशे.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर बाक सोडून तळ्याभोवती एकटी फिरत बसली असतीस.”

“आणि काल एक्केचाळीस हजार बघून घाबरून आलीस?”

“एक्केचाळीसला कोण घाबरतंय? त्याच्या आधी नऊशे दिसले. मग सातशे. फोनवरही तू गप्प.” लेकीनं बॅगेचा पट्टा बोटाला गुंडाळला. “म्हटलं, माझी आई गप्प झाली.”

पवनचक्कीनं तो पट्टा लेकीच्या बोटावरून सोडवला. ती ग्रंथपालबाईंकडे वळली. “बाई, माझं चुकलं. त्या दिवशी बोलू नये ते बोलले.”

“तीन दिवस उशीर झाला,” ग्रंथपालबाई कुजबुजल्या. मग हळूच डबा पुढे सरकवला. “पण घेते जमा करून.”

पवनचक्कीनं झाकण उघडलं. आत बिस्किटं नव्हती, काकडीच्या चकत्या होत्या.

“तुमचा राग गेला नाही वाटतं अजून,” शिंपीणबाई म्हणाल्या.

मग ठरलं. उद्यापासून तिघींनी बोलत बोलत चालायचं. खरंच. हवं तर हाताचं घड्याळ घोट्याला बांधायचं. “झालं तर मग,” पवनचक्की म्हणाली. “सुटलीस तू. खुशाल जा आपल्या नकाशांकडे.”

“हो,” लेक म्हणाली. पण उठली नाही.

पवनचक्कीचं लक्ष तिच्या मनगटाकडे गेलं. तिथंही तेच काळ्या पट्ट्याचं घड्याळ.

“तुझी किती होतात गं रोज?”

“माझं राहू दे.”

“दाखव.”

लेकीनं मनगट पुढे केलं. काल अकराशे. परवा हजार. त्याआधीही तसंच, सगळा महिना.

“चालत नाहीस?”

“चालते की. ऑफिसला चालत जाते, चालत येते. हात खिशात घालून.” लेकीनं मनगट मागे घेतलं. “काम छान आहे, आई. खोटं नाही सांगत. पण तिथं सगळे आपापल्या संगणकाच्या पडद्याकडे बघत बसतात. मी हात वर केला की त्यांना वाटतं, मला काहीतरी विचारायचंय.” आणि तो हात कसा वर होतो हे दाखवायला तिनं हात असा काही फेकला की ग्रंथपालबाईंचा चष्मा उडाला आणि काकडीत जाऊन पडला.

पवनचक्कीच्या ओठांवर साठ वर्षांपूर्वीचं वाक्य आलं. तिनं ते गिळलं, आणि लेकीजवळची बॅग उचलून बाकाखाली सरकवली.

“चष्मा राहू दे,” ग्रंथपालबाई म्हणाल्या. कुजबुजून नाही, चांगल्या मोठ्यानं. “तू बोल.”

लेकीचे दोन्ही हात हवेत होते. ती एकदा तळ्याकडे बघत राहिली, एकदा आईकडे.

“मला तिथं बोलायला कुणीच नाही गं, आई.”